नापास मास्तर आणि दादाची फुंकणी

नापास मास्तर आयुष्यात कशालाच पास म्हणाले नाहीत. म्हणजे कशालाच! इंजिन असो, आईचा ठेचा असो, मोताळ्याच्या स्टँडवरचा चहा असो. एक डोळा बारीक करायचा, जरा वेळ बघायचं आणि नाकातून म्हणायचं, "नापास." पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईनं पाणी दिलं. प्याले आणि म्हणाले, "पानी नापास. माठ नवा हाय." माठ नवा होता, खरं आहे, पण म्हणून कुणी असं तोंडावर बोलतं का?

मला हा माणूस आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण आता ते गेले, आणि माणूस गेला की सगळे एकदम गोड बोलायला लागतात. त्यांच्या तेरवीला मोताळ्यात एकेक जण काय काय सांगत होता! दिलदार माणूस, राजा माणूस. कसला राजा! अर्ध्या तालुक्याशी भांडण होतं त्यांचं, आणि उरलेल्या अर्ध्याशी होता होता राहिलं होतं. तेरवीला जेवणारे निम्मे लोक असे, ज्यांच्या गाड्या त्यांनी नापास केलेल्या.

मास्तर आधी एका टेक्निकल शाळेत फिटरची पोरं शिकवायचे. तिथे हेडमास्तरांच्या स्कूटरलाच पोरांसमोर नापास केलं, मग नोकरीत काही जमलं नाही. मोताळ्याला येऊन कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे त्यांनी पत्र्याचं शेड टाकलं. त्या शेडमध्ये त्यांचा दोर होता. गाडीचं मागचं चाक काढून तिथे जिनिंगमधलं जुनं लोखंडी चाक बसवायचं, गाडी ठोकळ्यांवर उचलायची आणि त्या चाकाला जाड दोराचे वेढे द्यायचे. दोराच्या एका टोकाला वजनं, दुसरं टोक आढ्याला टांगलेल्या काट्याला. मग गाडी चालू करायची. गाडी जागच्या जागी पळणार आणि दोर तिला धरून ठेवणार. जेवढं ओझं ती पेलेल, तेवढे तिचे घोडे. आमच्याकडे म्हणायचे, "गाडी दोरावर चढवली." राजूरचा घाट चढून बुलढाण्याला यायचं असलं की जुन्या गाडीवाले आधी मास्तरांच्या दोरावर यायचे आणि शिव्या देत परत जायचे.

कारण मास्तर सरळ आकडा सांगायचेच नाहीत. शेडच्या पत्र्याच्या दारावर खडूनं एक रेघ ओढायचे, डावीकडून चढत जाणारी. इंजिन हळू फिरताना किती जोर, मध्यम फिरताना किती, पार ओरडायला लागल्यावर किती. माणूस बिचारा सगळ्यात वरच्या टोकाकडे बघून खूश व्हायचा. मास्तर तिथेच खडू आपटायचे.

"ते डोकं हाय. डोकं काय पाह्यतं? पोट पाह्य, पोट!" आणि रेघेच्या मधल्या भागावर बोट फिरवायचे. "घाटात गाडी डोक्यानं नाही चढत, पोटानं चढते."

वळणावर गाडी हळू होते, तिथे मधला जोर लागतो, एवढंच म्हणायचं असायचं त्यांना. पण हे चांगल्या शब्दांत सांगतील तर ते मास्तर कसले!

तर आमच्या दादाची जीप. आमचा मळा बुलढाण्याजवळ. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. दादा जीपला ट्रेलर लावून भाजी खाली मोताळा-नांदुऱ्याला न्यायचा आणि येताना ट्रेलर रिकामा आणायचा, कारण भरलेला ट्रेलर घाटात त्या इंजिनाला ओढवतच नव्हता. जीप फार जुनी. दादाला मात्र तिचं भयंकर वेड. एकदा धरणाच्या कामावरचा एक परदेशी डंपर भंगारात निघाला, आणि दादा त्याच्यातून गोगलगाईसारखी दिसणारी एक लोखंडी वस्तू काढून घेऊन आला. तिचं नाव टर्बो. इंजिनाच्या धुरानंच आतली चक्री फिरते आणि ती हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त जोर. दादा हे सगळं हातवारे करून सांगत होता. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे फुंकनीच नं बावा. चुलीची फुंकनी इंजनाले लावली." झालं! तेव्हापासून ती फुंकणी. पुढे डंपरवाले ड्रायव्हरसुद्धा दादाला विचारायचे, फुंकणी कशी आहे?

आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. स्थळ जळगाव जामोदचं. मुलगा चांगला, घर चांगलं, फक्त मुलाचे मामा! जमीनजुमला भरपूर, आणि मानपान त्याहून भरपूर. सुपारी फुटायच्या बैठकीतच म्हणाले, "बुलढान्याले यायचं म्हंजे घाट. आमची मानसं एस.टी.त उभ्यानं येनार नाहीत."

दादा उसळून म्हणाला, "उभ्यानं काऊन? नांदुऱ्यापासून आमच्या गाडीत आनतो. सगळं वऱ्हाड एका खेपेत."

"अन् गाडी घाटात बंद पडली तं?"

"नाही पडत."

"पडली तं आमी तिथूनच माघारी. सांगून ठेवतो." असं म्हणून मामा हसले. बाकी कुणी हसलं नाही. बाबांनी दादाकडे रोखून बघितलं. माणसं ओळखीची नाहीत, वर मुहूर्त गोरज. म्हणजे वऱ्हाड भर दुपारच्या उन्हात घाट चढणार. आणि माझं सगळं लग्न त्या फुंकणीवर टांगलेलं.

म्हणून दादानं जीप दोरावर चढवली. मीही गेले, कारण मोताळ्याला मावशी राहते आणि तिच्याकडे पत्रिका द्यायची होती. दादाला काट्याजवळ उभं राहायचं होतं, म्हणून गॅसवर पाय ठेवायला मला बसवलं. मास्तरांनी मला बघितलं आणि म्हणाले, "काऊन वं, नवरी तू, अन् गाडी तूच चालवून राह्यली? ठेवला पाय तं आता दाबून तरी ठेव. भाकरीवर फुंकर घालून राह्यल्यावानी नको करू."

मी पार खाली दाबला! शेड हादरायला लागलं, लोखंडी चाकावर दोर करकरत होता, धूर निघत होता, मास्तर चाकावर पाणी ओतत ओरडत होते. आणि मग इंजिनातून एक विचित्र आवाज. डब्यात खडे घालून खुळखुळवल्यासारखा.

"सोड! सोड वं पोरी!"

मास्तरांनी दारावर रेघ ओढली. डोकं एवढंसं, पोट तर खपाटीलाच. दाबलेली हवा तापते, म्हणाले, तापलेली हवा आत गेली की पेट्रोल वेळेआधी भडकतं, म्हणून ते खडे. "फुंकनी डंपरची, इंजन जीपचं. हत्तीची सोंड लावली बकरीले. नापास. काढून टाक."

दादा काढणार थोडाच! चार-सहा दिवसांनी आम्ही परत गेलो. यावेळी दादाचं तोंड गुपित असल्यासारखं फुललेलं. त्यानं काय केलं होतं? आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी बांधतात ना, पाणी मारलं की खोलीत गारवा आणि वास! दादानं ती ताटी उसवून फुंकणीच्या नळीवर वाळा गुंडाळला होता, सुतळीनं आवळून. वर भरपूर पाणी. हवा नळीतून जाता जाताच गार. सांगा, कुणाला सुचलं असतं? मला तर दादाचा इतका अभिमान वाटला!

आणि खरंच हो, खडे वाजले नाहीत! शेडभर वाळ्याचा वास सुटला, मी गॅस दाबून बसले होते, आणि दादा काट्याकडे बघत नाचत होता. मास्तरांची रेघ यावेळी वर गेली, पहिल्या वेळेपेक्षा निम्म्यानं जास्त. पोटसुद्धा भरलं होतं जरासं. दादा म्हणाला, "बोला मास्तर! आता बोला!"

मास्तरांनी विडी पेटवली. त्यांना दमा होता, तरी विडी ओढायचे. खोकले. मग एक खोकं ओढून त्यावर बसले. "बसा."

"बसा काय? आकडा पाह्यला नं तुमी?"

"पाह्यला. थो वाळ्याचा आकडा हाय. आता वाळा सुकू दे, मंग इंजनाचा पाहू."

आम्ही बसलो. बाहेर नुसती आग ओतत होती. पत्रा तापलेला. दादा येरझाऱ्या घालत होता, मास्तर विडी ओढत होते, आणि त्या वाळ्यातून वाफ निघून तो हळूहळू कडकडीत झाला. दादा मध्येच तांब्या घेऊन नळीकडे गेला, तर मास्तरांनी त्याचा हात धरला. "राहू दे. घाटात कोन टाकनार पानी? तुह्यी आत्या?" शेवटी म्हणाले, "दाब वं."

मी दाबला. अर्ध्यातच खडे.

मास्तरांनी नवी रेघ ओढली नाही. आधीची पुसली, तळहातानं. "नापास."

मग जे भांडण झालं! दादा म्हणाला, तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही, म्हणून तुम्ही इथे जिनिंगच्या मागे एकटे सडत पडलात. मास्तर म्हणाले, अबे, तुह्या बहिनीचं वऱ्हाड घाटात भाजून निघीन, मले काय? दादा म्हणाला, लग्नाला येऊ नका. मास्तर म्हणाले, बलावलं होतं कोनी? आणि मी, जिच्या लग्नाबद्दल हे चाललं होतं, ती गाडीत बसून रडत होते. मास्तरांनी माझ्याकडे बघून काय म्हणावं? "रडून घे. थेवढंच पानी कामाले यीन."

सांगा मला, का आवडावा असा माणूस?

लग्नाच्या दिवशी मी बुलढाण्यात हळदीच्या अंगानं बसलेली, त्यामुळे घाटात काय झालं ते मी ह्यांच्याकडून ऐकलं. म्हणजे माझ्या नवऱ्याकडून. ते मुंडावळ्या बांधून जीपमध्येच होते. पुढच्या सीटवर दादाशेजारी मामा, मागे नवरदेव आणि म्हातारी माणसं, ट्रेलरमध्ये सतरंजी टाकून बाकीचं वऱ्हाड. मेथीचा वास येत होता म्हणून मामा नांदुऱ्यापासूनच कुरकुरत होते.

मोताळा सोडलं आणि बघतात तर रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा. डोक्यावर ओला पंचा, एका हातात बागेतली झारी, पायाशी पाण्याचे डबे. दादानं ब्रेक मारला.

"हटा मास्तर."

मास्तर आले, बोनेट उचकटून काढलं आणि थेट मामांच्या मांडीवर ठेवलं. "हे धरा. अन् मागं जा ट्रेलरमंधी. माह्यं सामान ठिवाचं हाय इथं."

मामांचा चेहरा! हे अजून नक्कल करून दाखवतात. "मी नवरदेवाचा मामा हाय!"

"असान. घाटात मानूस मानाचा नसते, वजनाचा असते. उतरा."

मामा म्हणाले, आम्ही इथूनच परत जातो. मास्तर म्हणाले, "जा नं. पायीच जा, उतारच हाय." हे सांगतात की तेव्हा ते मागच्या सीटवर हसू दाबून मुंडावळ्यांच्या मागे लपले होते. शेवटी मामा बोनेट पोटाशी धरून ट्रेलरमध्ये जाऊन बसले. मास्तर मडगार्डवर चढले, एक पाय बंपरवर, कान इंजिनाजवळ, आणि घाट सुरू झाला.

सगळा घाट हा माणूस त्या उन्हात मडगार्डवर बसून झारीनं वाळ्यावर पाणी घालत होता. आणि सगळा घाट शिव्या! "दाब! अबे दाब म्हनतो! सोड! पयलाच गेर ठेव, गधड्या, पोट भरू दे तिचं! फुंकनी लावतो, हाट्!" खडे वाजायला लागले की झारी, आवाज थांबला की शिवी. मध्येच खोकल्याची उबळ आली की झारी दातात धरून दोन्ही हातांनी गाडी पकडायचे. एका चढावर सगळ्या तरण्या माणसांना उतरवलं. मामांनाही. मामा बोनेट डोक्यावर घेऊन चालत होते, ऊन लागू नये म्हणून.

शेवटच्या वळणाच्या आधी डबे संपले. मास्तरांनी मागे वळून ओरडून विचारलं, "पानी हाय का कोनाजवळ?" मामांच्या खांद्याला फिरकीचा तांब्या. पितळी, चकचकीत. मास्तरांनी उडी मारली आणि हिसकावूनच घेतला.

"ओ! ते माह्यं प्याचं पानी हाय!"

"वर मांडवात सरबत हाय. थे प्या." आणि फिरकी उघडून सगळा तांब्या वाळ्यावर.

त्या तांब्यावर आमची जीप घाटाच्या डोक्यावर आली. आम्हाला मांडवात वाजंत्रीच्या आधी तिचा आवाज आला. मी आईचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या पिचल्या.

पण मांडवात पाऊल ठेवताच मामा भडकले. भाच्याच्या लग्नात असा अपमान! आम्ही बसणार नाही! बाबा हात जोडून उभे. बोनेट अजून मामांच्याच हातात. मास्तर बाजूला भिंतीला टेकून धापा टाकत होते, भुवया जळल्यासारख्या, गुडघ्यापर्यंत काळं तेल. त्यांनी गप्प बसावं ना? म्हणाले, "तुमी उतरले म्हून गाडी चढली. मान कायचा मागता? उलट रोज उतरत जा."

आणि तेव्हा हे, माझे हे, पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, "मामा, मी चाललो बोहल्यावर. तुमी ते झाकन ठेवून या मागून." बस, त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत ह्यांच्याशी एकदाही खरं भांडलेले नाही. मामा आले मागून. आले, पण वर्षभर आमच्याकडे पाणी प्याले नाहीत.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. दादा जिलबीचं ताट घेऊन स्वतः मास्तरांकडे गेला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "मास्तर, आतातरी म्हना. आजच्या दिवस म्हना."

मास्तरांनी जिलबीचा तुकडा मोडला. "वऱ्हाड पोचलं. गाडी नापास." मग चावून म्हणाले, "पाक कच्चा हाय."

मी नवरी, शालू नेसलेली, आणि मला वाटलं ते ताट ह्या माणसाच्या डोक्यावर घालावं.

नंतर दादानं इंजिन उघडलं तर एका पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी वितळलेली. अजून थोडा घाट असता तर संपलंच होतं. दादा तो पिस्टन फडक्यात बांधून मोताळ्याला घेऊन गेला. मास्तरांनी तो हातात फिरवून फिरवून बघितला. "आता हा आकडा खरा हाय," म्हणाले. दादानं फुंकणी काढली आणि आईला दिली. आई तिच्यात लसूण ठेवते.

आणि मग गंमत म्हणजे दादा रोजच मोताळ्याला जायला लागला. भांडायलाच. तो काहीतरी जोडून न्यायचा, ते नापास करायचे, हा तणतणत परत यायचा. मी माहेरी आले की तेच. "आज काय म्हणाले?" "काय म्हननार!"

ह्या उन्हाळ्यात मास्तरांचा दमा फार वाढला. दादा त्यांना जीपमध्ये आडवं घालून वर बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन आला. मी माहेरीच होते, म्हणून बरोबर गेले. मास्तरांच्या बाजूला दादानं वाळ्याची ताटी बांधली होती, आणि त्यावर मी पाणी मारत होते. त्याच झारीनं. सगळ्या घाटभर मास्तर डोळे मिटून इंजिन ऐकत होते. शेवटच्या वळणावर म्हणाले, "पोट बरं हाय आता." दादानं ऐकलं की नाही माहीत नाही, पण त्याचे कान लाल झाले.

दवाखान्यात त्यांना पंख्याखालचा पलंग मिळाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तरुण, हसरे. छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "वा मास्तर, आज घरघर बरीच कमी आहे. सुधारणा आहे."

मास्तरांनी एक डोळा बारीक केला. शब्द तुटक येत होते. "वरून... पंखा चालू हाय. थो बंद करा. अन् मंग पाहा छाती."

डॉक्टर हसले. नर्स हसली. मला हसू आलं नाही. मला त्यांचा इतका राग आला! एवढंसं चांगलं ऐकू आलंय, तेवढं तरी राहू द्या ना! एकदा तरी!

दादा उठला. मला वाटलं बाहेर जातोय. तो सरळ भिंतीकडे गेला आणि पंख्याच्या बटणाला पाठ लावून उभा राहिला.

"कोनी हात नाही लावनार याले."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. "अबे... खोटा आकडा घेऊन... काय करशीन?"

"ठेवीन माह्यापाशी," दादा म्हणाला.

पंखा फिरत होता. मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. आता पास म्हणतील, आता म्हणतील. ओठ हलले सुद्धा.

म्हणाले नाहीत.